आईची गाणारी पेटी

आईच्या माघारी दोघा भावांनी तिची जुनी गाणारी पेटी माझ्याकडे दुरुस्तीला आणली. तिच्यातला पितळी रूळ फिरला की त्यावरचे बारीक काटे फणीचे पोलादी दात छेडतात आणि सूर निघतात. वाकलेले काटे सरळ करण्यात, दातांवरचा गंज काढण्यात तीन महिने गेले. वाजेल याची मला शेवटपर्यंत खात्री नव्हती.

आज चावी दिली आणि आईचं गाणं वाजलं. दोघेही लहान पोरांसारखे रडले.

थोरल्याने डोळे पुसले. "काका, आता दोन्ही वेगळं करून द्या. रूळ माझ्याकडे, फणी याच्याकडे. वाटणीत तसंच ठरलंय."



"आणि जपून सोडवा हं," धाकटा हुंदका आवरत म्हणाला. "आईची आठवण आहे, काही बिघडायला नको."