बी गटाचा जावई

"रक्तगट?" तोकुनागासानांनी विचारलं.

त्यांच्या मुलीने, मिझुहोने, टेबलाखालून काझुमाच्या पायावर पाय दिला. 'ओ म्हणून सांग' असं तिने त्याला स्टेशनपासून घरापर्यंत चार वेळा पढवलं होतं.

"बी," काझुमा म्हणाला.

संपलं. तोकुनागासानांनी चहाचा कप खाली ठेवला.

आमच्याकडे जपानमध्ये माणसाचं नाव कळलं की रक्तगट विचारतात आणि तेवढ्यावर त्याला निकालात काढतात. ए म्हणजे शिस्तीचा. बी म्हणजे मनमौजी, बेभरवशाचा. एबी विक्षिप्त. शास्त्रज्ञ याला हसतात. आम्हीही हसतो, आणि पुढच्या माणसाला पुन्हा विचारतो. मी स्वतः ओ, म्हणजे ऐसपैस आणि आळशी. गोष्ट आखूड आहे ती त्यामुळेच.

तोकुनागासान नुसते ए नव्हते, ए लोकांचे हेडमास्तर होते. रुमालाला इस्त्री स्वतः करायचे. गाडीच्या वीस मिनिटं आधी फलाटावर उभे. जेवणानंतरची भांडीही गेली तीस वर्षं तेच घासत, कारण बायकोने घासलेला कप उजेडात धरून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"तुझे बूट दारात वाकडे पडलेत," ते काझुमाला म्हणाले. "तेव्हाच मला शंका आली. मुलगा वाईट नाहीस तू. पण बी गटाच्या पुरुषाला मी मुलगी देणार नाही. माणसाचं रक्त काही बदलत नाही."

"मग तुमच्याशिवाय करीन लग्न," मिझुहो म्हणाली. "आणि पुन्हा या घरात पाय ठेवणार नाही." तिने पर्स उचलली. ती खरंच गेली असती. हट्टाच्या बाबतीत ती बापावर गेली होती.

फुसाए, तिची आई, इतका वेळ गुपचूप संत्री सोलत बसली होती. ती उठली, शिवणाच्या डब्याच्या तळातून एक पिवळं पडलेलं कार्ड काढलं आणि नवऱ्यापुढे ठेवलं.

"अहो, हे वाचा जरा."

रक्तदानाचं कार्ड होतं. तीस वर्षांपूर्वी मोठा भूकंप झाला, तेव्हा तोकुनागासानांच्या अख्ख्या ऑफिसने रक्त दिलं होतं. कार्ड नंतर टपालाने घरी आलं, तेव्हा ते कामावर होते. नाव त्यांचं. जन्मतारीख त्यांची. रक्तगट बी.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तरी बीच.

"चूक असेल त्यांची."

"मी तेव्हाच डॉक्टरांना विचारून आले होते. तान्ह्या बाळाची तपासणी कधीकधी चुकते म्हणे. तुमची चुकली ती जन्मल्यावरची. तीस वर्षं बी गटाच्या माणसाबरोबर संसार केलाय मी. फार काही बिघडलं नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"ए आहे, ए आहे म्हणत तुम्ही भांडी घासत होतात. मी कशाला सांगते?"

मिझुहो पर्ससकट खाली बसली. तोकुनागासानांना लाज वाटली. ऑफिसात बी गटाच्या किती जणांना त्यांनी नुसतं ऐकूनच नापास केलं होतं. आणि स्वतः मात्र पन्नासएक वर्षं दुसऱ्याच कुणाचा तरी स्वभाव इमानेइतबारे सांभाळत बसले होते. त्यांना आधी घाम फुटला, मग हसू फुटलं. घाम पुसून त्यांनी रुमालाचा बोळा केला आणि खिशात कोंबला. आयुष्यात पहिल्यांदा.

"साकुरा फुलायच्या दिवसांत करा," ते शेवटी म्हणाले. "पण हॉल आत्ताच धरून ठेवा. मागाहून मिळत नाही."

काझुमाने टेबलाला कपाळ टेकेल इतकं वाकून नमस्कार केला. काय करावं ते न सुचून तो रिकामे कप गोळा करायला लागला आणि मोरीकडे निघाला.

तोकुनागासान बघत राहिले. दोन कप त्याने एकात एक घातले होते. त्यांना राहवेना. ते उठले, एप्रन बांधला आणि होणाऱ्या जावयाच्या हातून कप काढून घेतले.

"बस रे तू," ते म्हणाले. "तुम्हा बी लोकांना नीट घासता येत नाहीत."