बादची कड

"चौकार! ताई, आज तू नुसती पेटली आहेस!" म्हणत वसंताने टेबलावरची भिंगरी पटकन उचलली.

मालूताई त्याच्या बोटांकडे बघत होती. भिंगरीच्या या क्रिकेटमध्ये लहानपणापासून तिने धाकट्या भावाला रडवलं होतं. पण पक्षाघाताने उजवा हात लुळा पडला, तेव्हापासून तिच्या वाटची भिंगरीही तोच फिरवायचा. भिंगरी ज्या आकड्याच्या कडेवर टेकेल, तितक्या धावा. सहा कडांपैकी एक कड 'बाद'ची. तरी आठवडाभर ताई एकदाही बाद झाली नव्हती. लाकडाच्या भिंगरीला दयामाया कुठली? ती टेकायच्या आत वसंताची बोटं तिला हळूच कलवत होती, हे ताईला कळून चुकलं.

"आण इकडे. माझी मी फिरवते."

"अगं, डाव्या हाताने? जमायचं नाही."

"वश्या, आण म्हटलं ना!"

पहिल्यांदा भिंगरी जागीच कोलमडली. मग टेबलावरून खाली गेली. वसंता ती उचलून स्वतःच फिरवायला लागला, तशी ताईने त्याच्या हातावर चापट मारली. पुढच्या खेपेला भिंगरी उलट्या दिशेने गरगरली, डुलली आणि 'बाद'वर टेकली.

"हा धरायचा नाही," वसंता घाईघाईने म्हणाला. "सराव होता. पुन्हा फिरव."

त्याचा हात पोचण्याआधी ताईने भिंगरीवर डावा तळवा दाबून धरला. कित्येक दिवसांनी तिचे डोळे चमकत होते.

"बाद म्हणजे बाद! माझ्या हाताने झालेय. आता तुझी बॅटिंग. आणि सूट मागायची नाही हं, रडतराऊ!"