हॉलंडच्या आत्याआजी

मुलांसाठी लिहिलेलं हॉलंडच्या फुटबॉल टीमच्या इतिहासाचं पुस्तक सिंधूआत्यांनी चष्मा पुसून पुसून तीनदा वाचलं. भाचा हॉलंडला, त्याची आठ वर्षांची ऊर्वी फुटबॉलवेडी. रविवारच्या फोनवर ‘जेवलीस का?’ विचारलं की दोघींचं बोलणं संपायचं. ह्या रविवारी आत्या तसं होऊ देणार नव्हत्या.

“वर्ल्ड कपच्या तीन फायनल हरली गं तुमची टीम, तरी लोक केशरी घालून येतातच! पहिली चौऱ्याहत्तरला, जर्मनीशी...”

“आत्याआजी, ती तर आम्ही जिंकलो!”

मागून भाचा ओशाळून म्हणाला, “आत्या, आम्ही मार्चमध्येच जर्मनीला आलो. सांगायचं राहूनच गेलं बघ.”

आता दिवाळी तोंडावर आली होती. आत्यांनी मांडीवरचं पुस्तक मिटलं. माणसं देश बदलतात, आणि आपल्याला पत्ता नाही.

“मग तूपण आमच्या टीममध्ये ये ना,” ऊर्वी म्हणाली.

आत्या पडल्या कोल्हापूरच्या. तिथे माणूस घर बदलेल, पण आपल्या पेठेची टीम सोडणार नाही.

“मी हॉलंडचीच! अठ्ठ्याऐंशीला युरो कपात तुमच्याच घरात येऊन हरवलंय तुम्हाला.”

“खोटं!”

“विचार बाबाला.”

“विचारतेच! पुढच्या रविवारी बघते तुला!”

फोन बंद झाला, घर पुन्हा गप्प झालं. अख्ख्या पेठेत हॉलंडच्या त्या एकट्याच होत्या. त्यांनी चष्मा पुसला, पुस्तक पुन्हा उघडलं. भांडणाला अजून चांगले सहा दिवस होते.