भोकं पडलेला पालक

रविवारच्या शेतकरी बाजारात शेफालीने पालकाची हिरवीगार जुडी दोन बोटांत धरून पाहिली आणि परत टाकली.

"काका, पानाला एकसुद्धा भोक नाही? म्हणजे औषध मारलंत. आम्हाला काही कळत नाही असं समजू नका. त्या मागच्या टोपलीतला द्या, भोकं पडलेला. कीड खाते, तेच खरं ऑर्गॅनिक. मी रोज कच्चा घालते स्मूदीत."

"अवो ताई, त्यो पालक..." भाजी विकणारे गेनबा बोलायला लागले.

"मला शिकवू नका."

तिने स्वतःच त्या टोपलीतल्या चारही जुड्या उचलून पिशवीत कोंबल्या, कोड स्कॅन करून पैसे भरले आणि निघाली. गेनबा हाका मारत राहिले. भाव वाढवून मागणार, अशा खात्रीने तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

चहा घेऊन आलेल्या बायडाबाई रिकामी टोपली बघून नवऱ्यावर ओरडल्या, "अवो, चुकून कापलेला पालक इकला व्हय? किडीसाठी कालच औषध मारलंय की त्याच्यावर!"

गेनबांनी शेफालीने नाकारलेल्या, कीड लागू नये म्हणून जाळीखाली औषधाशिवाय वाढवलेल्या जुड्यांवर पाणी शिंपडलं.



"सांगत व्हतो. शिकवू नका म्हनल्या."