बकरीच्या तोंडचा कागद

बसा जरा, हातातलं बाजूला ठेवा. एका मशीनची आणि एका बाईची गोष्ट सांगतो. लहानशीच आहे, पण उभ्यानं ऐकू नका.

विम्याच्या कचेरीत, तळघरातल्या खोलीत तपासणीवाल्या बाई आल्या. मागे साहेब. लोकांची माहिती कचेरीतून कुठं गळते का, ते बघायला बाई बाहेरून आल्या होत्या. खोलीत कागद कातरायचं मशीन, आणि मशीनपाशी स्टुलावर मावशी. लोकांची आजारपणं, पगार, सह्या, जे काही जुनं झालं ते सगळं मावशी त्या मशीनच्या तोंडी द्यायच्या. मशीनला त्या बकरी म्हणायच्या.

"आणि हे कागद या वाचत नाहीत कशावरून?" बाईंनी विचारलं.

साहेब छाती काढून म्हणाले, "आमच्या मावशी निरक्षर आहेत. बघूनच घेतलंय. याहून पक्कं कुलूप सांगा!"

"दाखला?"

"अहो, वाचता येतं याचा दाखला शाळा देते. येत नाही याचा कोण देणार?"

मावशी खाली मान घालून बकरीवरची धूळ पुसत राहिल्या. गेल्या वर्षापासून सून त्यांना घरी अक्षरं शिकवत होती. आधी डब्यांवरची. मीठ, साखर, साबण. ती वाचता यायला लागली, आणि मग इथं डोळे ऐकेनात. कागद सरकवताना एखादा शब्द डोळ्यात शिरायचा. एकदा 'परंतु' शिरला. परंतु काय? तोवर बकरीनं गिळलंसुद्धा. दोन दिवस मावशींना घास गोड लागला नाही. सून म्हणाली होती, "आई, डब्यांवरचंच वाचा हं. लोकांचं वाचायला गेलात तर नोकरी जाईल."

बाईंनी एक कोरा कागद घेतला, त्यावर मोठ्या अक्षरात काहीतरी लिहिलं आणि मावशींपुढे धरला. "मावशी, एवढा कातरा बघू." नजर मात्र मावशींच्या तोंडावर.

वाचायचं नाही, असं मावशींनी मनाला बजावलं. पण डोळे कुणाच्या बापाचे? प ला काना पा. या. पुन्हा पा...

साहेबांनी मागून वाकून बघितलं आणि एकदम दोन्ही पाय उचलून टुणकन मागे उडी मारली.

"पुटपुटताय काय मावशी?" बाईंनी विचारलं.

"बकरीला म्हणते, खा बाई."

घर्र करून कागद गेला. मावशी जागच्या हलल्या नाहीत. बाईंनी वहीत लिहिलं, 'वाचता येत नाही, खात्री केली', आणि खाली सही ठोकली. साहेब घाम पुसत म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं?" दोघं वर गेली.

आता मावशींनी गप्प बसावं की नाही? पण साहेबांनी उडी का मारली? एवढा मोठा माणूस, आणि उडी! त्यांनी दार लोटलं, बकरीच्या पोटातून वरच्या पट्ट्या काढल्या. जुनं मशीन, बोटाएवढ्या रुंद पट्ट्या पाडायचं. टेबलावर एकीला एक लावत गेल्या. पा-या-पा-शी. मग पा-ल. मग आ-हे.

"अगं बाई!" म्हणून मावशी स्टुलावर चढल्या त्या लुगडं गुडघ्यापर्यंत धरूनच.

"उतरा. पाल नाहीये."

दारात बाई. चष्म्याचं घर विसरलं होतं म्हणून परत आलेल्या.

मावशी उतरल्या, पट्ट्यांवर हात ठेवला. "बाई, एकेक अक्षर लागतं हो मला. कुणाचं काही बाहेर नेलं नाही, कुणाला बोलले नाही. एकदा 'परंतु' एवढंच वाचलं. पुढं काय असेल, एवढंच वाटत राहतं."

"विम्याच्या कागदावर ना?" बाई म्हणाल्या. "परंतुच्या पुढं 'नाही' असतं. नेहमीच."

"असं होय," मावशी म्हणाल्या. वर्षभराचं ओझं उतरलं, आणि थोडं वाईटही वाटलं.

बाईंनी पट्ट्या बघितल्या, एकीला एक नीट लागलेल्या. मग वही उघडून लिहायला लागल्या. मावशी जीव मुठीत धरून पेनाकडे बघत होत्या. म-शी-न. ब-द-ला. पुढं जोडाक्षर आलं आणि गाडी अडली.

"पट्ट्या," बाईंनी बोट ठेवून सांगितलं. "मशीन बदला. पट्ट्या जुळतात."

"आणि माझं?"

"तुमचं मघाशीच लिहून झालंय. सहीसकट." बाईंनी चष्म्याचं घर उचललं आणि गेल्या.

आता तिथं नवी बकरी आहे. कागदाचा पार भुगा करते, अक्षर म्हणून शिल्लक ठेवत नाही. मावशी आहेत अजून. तेव्हा एक करा. कधी त्या कचेरीत गेलात, आणि जिन्यातल्या पाटीसमोर एक बाई जरा जास्तच वेळ उभी दिसली, तर काय वाचताय म्हणून विचारू नका. जोडाक्षर अडलं असेल. हळूच सांगा आणि पुढं चला.