पहिल्या सीटवरचा मुलगा

"आत येऊ का?" अर्लीननं विचारलं. वेंडेलनं दार पुरतं उघडलं, तरी ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

तीस वर्षांत ती या घराची पायरी चढली नव्हती. बाजारात समोरासमोर आले, तर दोघांतलं एक जण दुसरी गल्ली धरायचं. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातलं हे गाव मुठीएवढं. तिथं इतकी वर्षं एकमेकांना चुकवायचं म्हणजे सोपं काम नव्हे, पण दोघांनी ते नेटानं केलं होतं.

"पुढच्या आठवड्यात मी मुलीकडे चाललेय, कायमची," ती म्हणाली. "लायलचा विषय काढायला आलेली नाही, घाबरू नकोस. मला माझ्या पोराची, कर्टिसची, एखादी आठवण हवीय. तो गेल्यापासून गावात त्याचं नाव कुणी काढत नाही, माझ्यासमोर तर नाहीच. तुझ्या बसमध्ये तो चार वर्षं बसला. काहीतरी असेल ना तुझ्याकडे?"

वेंडेलनं तिला स्वयंपाकघरात बसवलं आणि कॉफी ओतली.

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. बसचे ते दिवस त्याच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते, हे तो कुणाला सांगत नसे इतकंच. शाळेची नऊ नंबरची पिवळी बस, आणि तो तिचा चालक. हिवाळ्यात काचांवर दव साचलं की पोरं बोटानं चित्रं काढायची. रेल्वे फाटकाचा उंचवटा आला की एका सुरात ओरडायची, "काका, उडवा!" मग तो जरा जोरात न्यायचा आणि सगळी सीटवरून हातभर उडायची. हरणांच्या मोसमात मोठी पोरं बंदुका घेऊनच बसमध्ये चढत. शाळेत पोचल्यावर त्या मुख्याध्यापक हॉफरसरांच्या खोलीतल्या कपाटात ठेवायच्या आणि शाळा सुटली की थेट रानात. कुणाला त्यात वावगं वाटत नसे.

शेवटच्या सीटवर मित्रांच्या घोळक्यात त्याचा मुलगा लायल असे, केशरी टोपी घातलेला. आणि पहिल्या सीटवर, वेंडेलच्या पाठीशी, कर्टिस. एकटा.

"तो कोट," वेंडेल म्हणाला. "मे महिन्यातसुद्धा अंगात. पोरं विचारायची, काय रे, आत कुणाला लपवलंयस?"

"त्याच्या बापाचा होता. बाप तुरुंगात, कोट घरी."

"आणि वहीत बंदुका काढायचा. पानंच्या पानं."

अर्लीननं कपाची कड पुसली. "बाराव्या वर्षी इथला प्रत्येक बाप पोराला बंदूक देतो. याला कोण देणार होतं? काढत बसायचा बिचारा."

वेंडेलला हे ठाऊक नव्हतं. माझ्या आरशातून काही सुटत नाही, अशी बढाई तो जन्मभर मारत आला होता. लायलला बाराव्या वर्षी त्यानं स्वतःच्या हातानं बंदूक दिली होती. सोळाव्या वर्षी लायलचा हरणावरचा नेम चुकला, तेव्हा रिवाजाप्रमाणे त्याच्या शर्टाचं मागचं टोक कापून शिकारीच्या झोपडीत भिंतीला ठोकलं. कात्री वेंडेलनंच चालवली. काय संध्याकाळ होती ती! चुलीवर रस्सा रटरटतोय, सगळे पोट धरून हसताहेत. लायल पुढं चार दिवस जेवायच्या टेबलाशी आला नाही. नंतर घरचा कुत्रा नाहीसा झाला, तर तो शोधायलाही गेला नाही. पोरगा घट्ट मनाचा निघाला म्हणून वेंडेलला बरंच वाटलं होतं.

"कोट नको सांगूस," अर्लीन म्हणाली. "आठवण सांग."

"एकदा बर्फात बस अडकली. दोन तास. माझ्याकडे थर्मासभर गरम कोको होता. झाकणात ओतून पहिल्यांदा कर्टिसला दिला, तोच जवळ होता. त्यानं तो मागं दिला. बारक्या पोरांना आधी, म्हणाला. मी ओतत गेलो, तो मागं देत गेला. संपला तेव्हा झाकण कोटाच्या बाहीनं लख्ख पुसून परत लावलं आणि मला म्हणाला, काका, झकास झाला होता. एक घोटसुद्धा घेतला नव्हता पठ्ठ्यानं."

अर्लीन हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले.

"फार आवडायचा त्याला कोको," ती म्हणाली आणि उठून पर्स घेतली. "पुरे. एवढंच हवं होतं."

तिला असंच जाऊ देता आलं असतं.

"थांब," वेंडेल म्हणाला. "त्या दिवशी सकाळी तो वही सीटवर विसरला. मी उघडली, तर पानोपानी बंदुकाच. तडक हॉफरसरांच्या हातात नेऊन दिली. त्यांनी त्याला लगेच बोलावून घेतलं, दप्तर ओतलं, कोट झाडला."

अर्लीननं पर्स परत टेबलावर ठेवली. "वही कुणीतरी दिली एवढं कळलं होतं. कोणी, ते माहीत नव्हतं." मग तिनं विचारलं, "कोटात काय निघालं?"

"अर्धं सफरचंद."

पुढचं सरांच्या खोलीबाहेर टाइप करत बसलेल्या बाईंनी पाहिलं-ऐकलं होतं, आणि ते दोघांनाही पाठ होतं. कर्टिस खुर्चीत बसलेला, सरांचं डोकं वहीत. दार उघडलं आणि केशरी टोपी आत आली. मोसमच होता, सरांनी मान वर केली नाही.

"कपाटात ठेव, लायल," ते म्हणाले.

लायलनं बंदूक कपाटात ठेवली नाही.