कानांवरची शांतता

"आता तुम्ही खुशाल घोरा," असं म्हणून बाईंनी हेडफोन कानांवर चढवले आणि बटण दाबलं.

इंजिनाची घरघर गेली. पुढच्या रांगेतल्या बाळाचं रडणं गेलं. शेजारी मास्तरांचे ओठ हलत होते, पण शब्द येत नव्हते. नवरा बोलतोय आणि ऐकू येत नाही, हे सुख बाईंना बत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच मिळत होतं.

हेडफोन जावयाने पाठवले होते. लेकीला जुळं झालं होतं, दोन्ही मुली. तेव्हापासून त्या घरात कोणाचाही डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"आई, विमानात झोप काढून ये," लेक फोनवर म्हणाली होती. "आलीस की दोघींना तुझ्या मांडीवर देणार आणि आम्ही आडवे होणार."

"दे गं, मी खंबीर आहे," बाई म्हणाल्या होत्या. जन्म शिलाई मशीनवर गेलेला. लग्नसराईत रात्र-रात्र जागून ब्लाऊज शिवलेले. पण ते दिवस वेगळे होते. आता झोप झाली नाही, की सुईत दोरासुद्धा जात नसे.

आणि झोपेच्या आड काय येणार, हे सगळ्या गोतावळ्याला ठाऊक होतं. "मी ड्रॉइंग मास्तरशी नाही, करवतीशी लग्न केलंय," असं बाई हसत हसत सांगत. मास्तरही हसत आणि रात्री पुन्हा करवत चालवत.

जेवणं झाली. दिवे मंद झाले. मास्तरांनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं आणि डोळे मिटले. बाईंनीही मिटले.

काहीच ऐकू येईना. शिवता शिवता मशीनचा पट्टा तुटावा, तसं झालं.

त्यांनी कूस बदलली. उशी उलटी केली. मग एक डोळा उघडून मास्तरांच्या पांघरुणाकडे पाहिलं. वर-खाली होतंय का? अंधारात नीट कळेना. त्यांनी एका कानावरचा हेडफोन हळूच उचलला.

घर्रर्र.

चला, ठीक आहे. हेडफोन परत बसवला. जरा वेळाने पुन्हा उचलला. मग पुन्हा. शेवटी त्यांनी ते काढूनच टाकले.

मास्तरांच्या पलीकडे बसलेला दाढीवाला कानांत बोटं घालून बसला होता.

"काकू, हे रोजचंच?"

"रोजचंच."

"मग तुम्ही झोपता कशा?"

"देव जाणे. हे घ्या, माझ्यापेक्षा तुम्हाला गरज आहे."

मास्तरांच्या पोटावरून हेडफोन पलीकडे गेले. दाढीवाल्याने हात जोडले. बाईंनी मास्तरांच्या खांद्यावर डोकं टेकलं. करवत कानाशी सुरूच होती. बघता बघता त्यांना गाढ झोप लागली.

दाढीवालाही मस्त झोपला. चहाची गाडी कोपराला लागली तेव्हा जागा झाला. खिडकीच्या फटीतून ऊन आत आलं होतं. त्याने हेडफोन उतरवले. घोरणं चालूच होतं. त्याने मान वळवली.

मास्तर टक्क जागे होते. मांडीवर वर्तमानपत्र घेऊन शब्दकोडं सोडवत होते. आणि घोरत होते.

दाढीवाला बघतच राहिला. मास्तरांनी ओठांवर बोट ठेवलं.

"मागल्या वर्षी ही माहेरी गेली होती, तेव्हा नाकाचं ऑपरेशन करून घेतलं," ते कुजबुजले. "म्हटलं, आली की खूश होईल. आली, आणि पहिल्याच रात्री मला हलवून हलवून जागी राहिली..."

खांद्यावर बाईंची मान जराशी हलली. मास्तरांनी घाईघाईने पेन्सिल खाली ठेवली आणि मन लावून घोरायला लागले.